दारुडा सरळ चालतो

आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते. पालखी, कुस्त्या, तमाशा आणि नाटक असा यात्रेचा बेत पूर्वी ठरलेला असायचा. तमाशा सुपारी देऊन बाहेरून आणायचा, नाटक मात्र गावातल्याच पोरांनी करायचं. माघ सरला की रात्रीची जेवणं उरकून पोरं शाळेत तालमीला जमायची. पडदे आणि ड्रेपरी मिरजेहून भाड्यानं यायची. बैलगाड्या एकीला एक लावून वर फळ्या टाकल्या, चार कोपऱ्यांना वासे रोवले, की झाला रंगमंच.

1981 च्या यात्रेला आम्ही गडकऱ्यांचं 'एकच प्याला' धरलं. पदं म्हणणारा कुणी नव्हता, म्हणून पदं गाळून नुसतं गद्य बसवायचं ठरलं. सुधाकराचं काम माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, दहावी होऊन शेतीला लागलेला. दारू कधी जिभेला लावलेली नाही. त्या कामानं मला नट म्हणजे काय ते शिकवलं, आणि त्याच कामापायी आमच्या घरातली एक गोष्ट माझ्या हातनं मोडली. ती सांगायची म्हणून लिहायला बसलोय. पण ती नीट कळायची तर आपल्याकडच्या नटांनी सोंगातनं जिता माणूस उभा करायला कसं कसं शिकून घेतलं, तेही सांगायला हवं. ते मी पुढं सांगलीच्या वाचनालयातनं पुस्तकं आणून वाचलं. थोडं म्हाताऱ्या माणसांकडनं ऐकलं.

आमचे तालीममास्तर पेन्शनीतले शिक्षक. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत बारीकसारीक कामं करून आलेले. तालमीच्या पहिल्या रात्री मी सुधाकर होऊन आलो तो झोकांड्या खातच. पाय आडवे टाकले, डोळे फिरवले, उचक्या दिल्या, एकदा भिंतीवर आपटलो. पोरं पोट धरून हसली. मला वाटलं, जमलं.

मास्तरांनी मला सगळं करू दिलं. मग विचारलं, "कुणाचं सोंग आणलंस?"

"दारुड्याचं."

"दारुडा बघितलायस का?"

"गावात धा हाईत की."

"मग त्यातला एक तरी असा नाचतो का रे? दारुड्याला पडायचं नसतं, बाबा. त्याला सरळ चालायचं असतं. जमत नाही, ही गोष्ट निराळी. तू पडायचं सोंग करतोयस. उद्यापासून सरळ चालायचा प्रयत्न कर."

एवढंच बोलणं. पण ही एवढीशी गोष्ट आपल्या रंगभूमीला कळायला कितीतरी वर्षं लागली.

मराठी नाटकाचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला. 1842 साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला येऊन खेळ करून गेली. तो खेळ बघून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असाच पण याहून चांगला खेळ आपल्या भाषेत करा. 5 नोव्हेंबर 1843 ला भाव्यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीत झालं. तोच दिवस आपण अजून रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

त्या खेळात नटाला लिहिलेलं भाषण नव्हतं. सूत्रधार पद्य म्हणायचा आणि पात्रानं त्याचा अर्थ आपल्या शब्दांत बोलायचा. राक्षस आला की आरोळ्या ठोकत, तलवारी आपटत यायचा. त्या आरोळ्यांवरनंच पुढं लोक त्या नाटकांना 'अलल्डुर्र' म्हणायला लागले. आज आपल्याला हसू येईल, पण तिथं त्याची गरज होती. मशालीच्या उजेडात लांब बसलेल्या माणसाला राक्षस कळायचा तो रंगानं आणि आवाजानंच. शिवाय बघणाऱ्याला रावण आधीच ठाऊक. तो खरा वाटावा म्हणून नटाला वेगळं काही करावं लागत नव्हतं. लोक श्रद्धा घरनंच घेऊन यायचे.

ही रीत मेलेली नाही. तळकोकणातला आणि गोव्यातला दशावतार बघा. कथा आधी ठरते, पण बोलणं जागच्या जागी सुचेल तसं. त्यातले पुष्कळ जण दिवसा आमच्यासारखे शेतात राबणारे. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं तिकडं म्हणतातच.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराचा तो आंगिक, बोलण्याचा तो वाचिक, कपडे-दागिने-रंग यांचा तो आहार्य, आणि घाम फुटणं, गळा दाटणं, अंगावर काटा येणं असं आतनं जे उमटतं तो सात्त्विक. भाव्यांच्या खेळात आहार्य आणि वाचिक यांचं राज्य होतं. पुढची सगळी वाट या चौथ्या प्रकाराकडं चाललेली दिसते. त्या वाटेला नट एकदम लागला नाही. त्याला आधी लिहिणाऱ्यानं ढकललं.

1861 साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिलं. वाक्यं ठरलेली आली म्हटल्यावर माणूसही ठरलेला आला. आता तोंडाला येईल ते बोलून भागेना. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं आणि सूत्रधाराच्या तोंडचं गाणं पात्रांच्या तोंडी गेलं. शकुंतलाच गायला लागली. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानं लोक वेडे झाले. पण त्यातनं एक अडचणही उभी राहिली. पद रंगलं की लोक वन्समोअर द्यायचे. रडत असलेल्या बाईनं रडणं थांबवायचं, तेच पद पुन्हा म्हणायचं आणि परत रडायला लागायचं. गाणं जिंकायचं, पण त्या बाईवरचा विश्वास तेवढ्यापुरता उडायचा.

याच काळात गद्य नाटकं करणारी 'शाहूनगरवासी मंडळी' होती. तिच्यातले गणपतराव जोशी हे नाव आमचे मास्तर कानाची पाळी धरूनच घ्यायचे. गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं होतं. त्यातला चंद्रसेन गणपतरावांनी गाजवला. देवलांच्या 'झुंजारराव' मधला, म्हणजे 'ऑथेल्लो' तला झुंजाररावही त्यांनी गाजवला.

आता विचार करा. रावणाचं मन त्याच्या तोंडावर रंगवलेलं असतं. चंद्रसेनाचं तसं नाही. बापाचा खून झालाय हे त्याला कळलंय, खुनी कोण तेही कळलंय, आणि तो सगळ्यांत बसून-उठून ते पोटात ठेवतो. झुंजाररावाच्या मनात बायकोविषयी संशयाचा थेंब पडतो आणि तो शेवटपर्यंत वाढत जातो. तो पहिल्याच प्रवेशात लालबुंद झाला तर पुढं करायला काही उरतच नाही. मास्तर म्हणायचे, "राग एकदम खर्चायचा नाही. बियाण्यासारखा पुरवून वापरायचा." अशा माणसाचं काम करणाऱ्या नटाला दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात. एक दाखवायची आणि एक लपवायची. आणि लपवलेलीच लोकांना दिसली पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणं खरा अभिनय इथनं सुरू होतो.

गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. सांगलीपासनं हाकेच्या अंतरावर. नाटककार म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण नटांना शिकवणारे म्हणूनही त्यांची ख्याती होती. कुठलं वाक्य कसं टाकायचं, कुठं थांबायचं, ते घोटून घ्यायचे. 1899 साली त्यांचं 'शारदा' आलं. थेरडा भुजंगनाथ कोवळ्या पोरीशी लग्नाला उभा राहतो, त्याची ती गोष्ट. देव नाहीत, राजे नाहीत. आपल्याच आळीतली माणसं.

आमच्या गावात 'शारदा' पूर्वी झालं होतं. भुजंगनाथाचं काम करणाऱ्याला मास्तरांनी काय सांगितलं ते मी ऐकलंय. तो कंबरेत वाकून, काठी टेकत, खोकत आला होता. मास्तर म्हणाले, "अरे, हा नवरदेव व्हायला निघालाय. हा म्हातारा दिसायला बघणार का तरणा? पाठ ताठ कर. जिना चढताना दम लागला तर तो गिळ. उठताना गुडघा दुखला तर हस." त्या माणसानं तसं केलं आणि तो एकदम असा काही म्हातारा दिसायला लागला, की बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

दारुड्याचं तेच, म्हाताऱ्याचं तेच. मला ते माझ्यावर आलं तेव्हा कळलं.

बाईची कामं तेव्हा पुरुषच करायचे. त्यातही हीच पायरी चढावी लागली. कंबर हलवली, मान वेळावली की बाई होत नाही. उलट बाई अंग चोरते, पदर सावरते, बोलायचं ते निम्मं गिळते. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले. पुढं त्यांची लुगडी, त्यांची केसांची ठेवण बघून चांगल्या घरच्या बाया तसं नेसायला, तशी केसरचना करायला लागल्या. बाईचं सोंग घेणारा पुरुष, आणि बाया त्याच्याकडनं शिकतायत! 12 मार्च 1911 ला मुंबईत 'मानापमान' चा पहिला खेळ होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. ते तसेच उभे राहिले आणि भामिनी हसती-खेळती करून गेले. त्या रात्री त्यांनी आपलं काय काय आत दाबलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

'एकच प्याला' लिहून गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले. नाटकाचा पहिला खेळ 20 फेब्रुवारीला बडोद्याला झाला. तो त्यांनी बघितलाच नाही. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. भरजरी शालूतल्या बालगंधर्वांना बघायची सवय असलेल्या लोकांपुढं सिंधू गरिबीच्या लुगड्यात आली, जात्यावर बसली. सुधाकर हुशार वकील. कोर्टातल्या प्रकरणात त्याची सनद काही काळ जाते, अपमान सोसवत नाही, आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. माणूस मुळात मानी. मान गेला म्हणून प्यायला, आणि पिऊन उरला-सुरला मान सांभाळायला बघतो. मास्तर मला रोज सांगायचे, "सुधाकर दारुडा नाही. सुधाकर वकील आहे. हे तो विसरत नाही, म्हणून वाईट वाटतं."

सगळं पटत होतं, पण अंगात येत नव्हतं. सरळ चालायचा प्रयत्न करायचा, तर तो प्रयत्न दिसायचा कसा? मास्तर म्हणाले, "मला विचारू नकोस. बघ."

बघायला मला लांब जायची गरज नव्हती. माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, रोज संध्याकाळी पिऊन यायचे. तात्या म्हणजे हाताला गुण असलेला माणूस. पेरणीला त्यांची पाभर लावली तर तास दोरीनं आखल्यासारखं यायचं. घरात त्यांनी कधी दंगा केला नाही, काकीवर हात उचलला नाही. यायचे आणि जेवून झोपायचे. म्हणून मी त्यांच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं.

आता मी सोप्यात कंदिलापाशी वही घेऊन पाठांतराला बसायचो आणि बघायचो. तात्या उंबऱ्यापाशी आले की एक श्वासभर थांबायचे. हात चौकटीवर ठेवायचे, जणू काही आठवतंय. पायताणं काढून एकाशेजारी एक लावायचे, पुन्हा वाकून सरळ करायचे. बोलायचे ते एकेक शब्द सुटा, शाळेतल्या पोरागत: "जेवणं... झाली का... सगळ्यांची?" आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घालायचे. काठाला काठ लावून, चौपदरी. काठ जुळले नाहीत की उलगडायचे, पुन्हा घालायचे. शुद्धीत असले की तोच टॉवेल कुठंही फेकलेला असायचा.

मी ते सगळं घेतलं. चौकटीवरचा हात, सुटे शब्द, घडी. टॉवेलाच्या जागी उपरणं.

सिंधूच्या कामाला मिरजेहून एक बाई आणल्या होत्या. त्या काळी यात्रेच्या दिवसांत अशा बाया आज या गावात, उद्या त्या गावात काम करायच्या. आदल्या दिवशी येऊन एकच तालीम. माझं वाक्य संपलं की त्यांचं वाक्य येईपर्यंत मी नुसता उभा राहायचो. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही माईककडं बघून बोलता. माझ्याकडं बघा. मी बोलते तवा ऐका. पाठ हाय म्हणून ऐकल्यासारखं करू नका, खरंच ऐका." मला जरा रागच आला. पण त्या रात्री त्यांनी मला जे सांगितलं तेच 1933 साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेनं मुंबईत करून दाखवलं होतं, हे मी नंतर वाचलं. 'आंधळ्यांची शाळा' हे ते नाटक. तीन भिंतींची खरी खोली वाटावी असा देखावा, बायकांची कामं बायकांनीच केलेली, गाणी मोजकी, आणि नट लोकांकडं तोंड करून भाषण ठोकण्याऐवजी एकमेकांशी बोललेले. त्यात केशवराव दाते होते, ज्योत्स्ना भोळे होत्या. समोरच्याचं ऐकून मग बोलायचं ही रीत तिथनं मराठी नाटकात मुरत गेली. कुठनं कुठनं झिरपत ती आमच्या गाडीवरच्या रंगमंचापर्यंत आली, ती आणणारी ती बाई दहा ठिकाणी भाड्यानं काम करणारी.

नाटकाच्या आदल्या रात्री तमाशा होता. तोही मी त्या वर्षी वेगळ्या डोळ्यांनी बघितला. सोंगाड्याला पडदा नाही, देखावा नाही. एक गिरकी मारली की राजवाड्यातनं रानात. तरी त्याचा हवालदार हवालदार वाटतो आणि गडी गडी वाटतो. 'गाढवाचं लग्न' मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार ज्यांनी बघितला, कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी ज्यांनी बघितली, त्यांना हे सांगायला नको. सोंगाडी माणूस उभा करतो तो एका सवयीवर, एका लकबीवर. ती पक्की धरली की बाकीचा माणूस बघणारा आपल्या मनानं पुरा करतो. मला तेव्हा माझ्या घडीचा भरवसा आला.

दुसऱ्या दिवशी नाटक. सुधाकर पिऊन घरी येतो तो प्रवेश. मी विंगेतनं आलो, दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि एक श्वास थांबलो. शिट्ट्या मारायला आलेली पोरं गप झाली. पायताणं काढून सरळ लावली. सिंधूकडं बघितलं. उपरणं काढलं, काठाला काठ लावला, जुळला नाही, उलगडलं. दुसऱ्यांदा जुळला नाही. तिसऱ्यांदा घालायला लागलो तेव्हा सगळी यात्रा चिडीचूप झाली होती. आयुष्यात तसली शांतता मी पुन्हा ऐकली नाही. आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ह्यो तर तात्यागत!"

हशा झाला नाही. झाला असता तर बरं. दोन-चारशे माना वळल्या. उजेडाच्या कडेला पुरुषांत तात्या बसले होते, ते मला वरनं दिसले. त्या दिवशी ते पिऊन आलेले नव्हते. पुतण्याचं नाटक म्हणून धुतलेले कपडे घालून आले होते.

नाटक संपलं. लोकांनी खांद्यावर घेतलं, पाटलांनी नारळ दिला, मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. मी घरी गेलो तेव्हा सगळे झोपले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते.

सकाळी गोठ्यात तात्या बैलांना वैरण टाकत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काम चांगलं केलंस." मी काही बोललो नाही. पेंडी सोडता सोडता त्यांनी विचारलं, "घडी मी तीन-तीन डाव घालतो व्हय रं?"

मला उत्तर देता आलं नाही.

नाटक बघून तात्यांनी दारू सोडली असं लिहिता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पुष्कळांनी तसं विचारलंही. तसं झालं नाही. ते पीत राहिले आणि पुढं बारा-तेरा वर्षांनी लिव्हरच्या दुखण्यानं गेले. फरक पडला तो एकच. त्या दिवसापासनं त्यांनी घडी घालायचं सोडलं. पायताणं कुठंही पडायची. चौकटीपाशी ते थांबेनासे झाले. हेलपाटत यायचे ते हेलपाटतच आत जायचे. आम्ही ज्याला दारुडा म्हणतो तसले दारुडे झाले.

काकी वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. एकदा मीच धाडस करून म्हणालो, "काकी, तात्या पितात ते सगळ्या गावाला ठावं हुतं. मी काय नवीन सांगितलं?"

ती म्हणाली, "त्येंचं पिणं गावाला ठावं हुतं. त्ये माझ्यापासनं लपवायला बगत्यात, ह्ये फकस्त मला ठावं हुतं. तेवढंच माझं हुतं."

पुढं पुष्कळ वर्षांनी वाचनालयात मला 'अभिनय साधना' हे पुस्तक मिळालं. रशियातले स्तानिस्लावस्की यांचं, के. नारायण काळ्यांनी मराठीत आणलेलं. हे काळे 'नाट्यमन्वंतर' काढणाऱ्यांतलेच एक. स्तानिस्लावस्कींनी 1898 साली मॉस्कोत आर्ट थिएटर काढलं आणि नटानं भूमिकेत शिरायचं कसं याचा जन्मभर अभ्यास केला. ते म्हणतात, नटानं आधी स्वतःला विचारावं, मी जर या जागी असतो तर काय केलं असतं? भाव दाखवायला जाऊ नये, त्या जागी त्या माणसाला जे करायचं असतं ते काम करावं, भाव मागनं येतो. मला मास्तर आठवले. "सरळ चालायचा प्रयत्न कर." पण त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, ती मास्तरांनी सांगितली नव्हती किंवा मी ऐकली नव्हती. बाहेर बघावं, माणसं टिपावीत, हे ते सांगतातच. पण आतलं जे घालायचं ते नटानं स्वतःच्या आठवणीतनं काढावं, म्हणतात.

पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. लपवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं का? 1980 साली वडिलांनी हळद माझ्या हवाली केली होती. भाव वाढेल म्हणून मी थांबलो आणि भाव पडला. अडत्याची पट्टी हातात आली तेव्हा वडिलांना काय सांगायचं कळेना. ती पट्टी मी दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. घरी आलो की उगाच बैलाच्या पाठीवर हात फिरवायचो, दोर गुंडाळून ठेवायचो, नको तेवढं नीटनेटकं वागायचो. सुधाकराला लागत होतं ते सगळं त्या दोन दिवसांत होतं. पण ते काढायचं तर माझी मलाच लाज वाटली असती. तात्यांचं घेतलं, ते सोपं गेलं.

निळू फुल्यांचं काम बघताना मला हे पुन्हा पुन्हा वाटत आलंय. निळूभाऊ पुण्याला लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. 'कथा अकलेच्या कांद्याची' मधनं पुढं आले, 1972 साली 'सखाराम बाइंडर' केला. त्यांचा दुष्ट पाटील ओरडत नाही. हळू बोलतो, वाक्य मध्येच सोडतो आणि नुसता बघतो. ज्या गावात बघाल त्या गावात लोक म्हणणार, ह्यो आपलाच पाटील. पण बोट दाखवून अमुकच, असं कुणाला म्हणता येणार नाही. त्यात दहा गावचे पाटील विरघळलेले आहेत, आणि निळूभाऊंचं स्वतःचंही काहीतरी आहे. माझ्या सुधाकरात एकच माणूस होता आणि तो समोर बसला होता.

मास्तरांच्या मागं दहा-बारा वर्षं गावच्या नाटकांची तालीम मी घेतली. मग टीव्ही आला, ऑर्केस्ट्रा आला, नाटक बंद पडलं. गेल्या दोन वर्षांपासनं पोरांनी पुन्हा सुरू केलंय. एकांकिका करतात, मोबाईलवर शूटिंग करतात. काकी जाऊनही आता दोन वर्षं झाली, म्हणूनच हे लिहितोय.

परवा एक पोरगा घरी आला. त्याला दारुड्याचं काम मिळालंय. अंगणात त्यानं मला झोकांड्या खाऊन दाखवल्या. मी म्हणालो, दारुडा सरळ चालतो, तसा चाल. एकाची चाल घे, दुसऱ्याचा आवाज घे. पण जे लपवायचंय ते मात्र दुसऱ्याचं घेऊ नकोस, तुझं स्वतःचं काढ. तो म्हणाला, "माझं काय हाय लपवण्याजोगं?"

मी म्हणालो, "बस थोडा वेळ. आठवंल."

तो कट्ट्यावर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, खिशात हात घातला आणि अंगणाच्या त्या टोकापासनं माझ्याकडं सरळ चालत यायला लागला.